बिऱ्हाडाचीं दोन खातीं

घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून, असें आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळीं घरांत उजेड समईचा व कंदिलाचा असे, आणि जाळ बाभळीच्या सरपणाचा असे. समईवर कोणाचें नांव घालावें लागत नसे, आणि सरपणवाला कोणाच्या खरेदीखताची नक्कल मागत नसे. ही म्हण आज नव्यानें करावयाची झाली, तर तिला एक तिसरें कलम जोडावें लागेल: वीज आणि गॅस पहावा नांवावर करून. घर बदलणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला हें कलम येतेंच. सामान एका दिवसांत हलतें, माणसें दहा-पंधरा दिवसांत रुळतात. पण कागदावरचें नांव मात्र आपल्या सवडीनें मागून चालत येतें. तें येईपर्यंत आपण आपल्याच घरांत पाहुण्यासारखे वावरतों.

आमचें बिऱ्हाड २०२४ सालच्या मे महिन्यांत, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, अकोल्याहून अमरावतीस आलें. अकोल्यास जठारपेठेंत मामंजींनीं १९६३ सालीं बांधलेलें घर होतें. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, मुलें दूरदेशीं गेलीं, आणि पुढचें अंगण झाडावयास कोणी उरलें नाहीं, तेव्हां सर्वांनीं मिळून घर विकावयाचें ठरविलें. आमची धाकटी लेक अमरावतीस महाविद्यालयांत शिकविते. तिच्या जवळ असावें म्हणून राजापेठेच्या बाजूस एक फ्लॅट घेतला. फ्लॅट कोरा नव्हता. त्याचे पहिले मालक नोकरीनिमित्त पुण्यास गेले होते आणि घर वर्षभर बहुतेक कुलपांतच होतें. राहणारीं आम्ही तिघें: हे, मी, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आमच्या सासूबाई.

खरेदी माझ्या नांवें झाली. आमच्या घरांत स्त्रीस्वातंत्र्याची कांहीं मोठी चर्चा होऊन हा निर्णय झाला, असें वाचकभगिनींनीं समजूं नये. महाराष्ट्र सरकारनें १ एप्रिल २०२१ पासून स्त्रियांच्या नांवें होणाऱ्या घरखरेदीस मुद्रांकशुल्कांत शेंकडा एक सवलत दिली आहे. ह्यांची सारी नोकरी बँकेंत गेली; समोर दिसणारा एक टक्का सोडून देणें त्यांच्या स्वभावांतच नाहीं. सुधारणा पुष्कळदां अशीच घरांत शिरते. तत्त्व म्हणून ती पुढच्या दारीं आली, तर उंबऱ्याशीं तास न् तास वाद चालतो. बचत म्हणून मागच्या दारानें आली, तर तिला कोणी नांवहि विचारीत नाहीं. तें कसेंहि असो, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं मी पहिल्यानें एका घराची मालकीण झालें. आणि घर ज्याच्या नांवें त्याच्याच नांवें विजेचें खातें व्हावें, हें ओघानेंच आलें.

अमरावती-अकोला हें अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपासचें. ह्याच मार्गावर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटरांचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून आमच्या वऱ्हाडानें गिनीजच्या पुस्तकांत नांव लावून घेतलें. त्या गुळगुळीत रस्त्यावरून आमचें सामान सकाळीं निघालें तें दुपारच्या चहाला पोंचलें. पण वीजबिलावरचें एक नांव बदलावयास मात्र सव्वादोन महिने लागले. रस्ता घालणाऱ्यांना उन्हाशींच झुंजावें लागलें असेल. नांव बदलणाऱ्याला पूर्वींच्या माणसाच्या हिशेबाशीं झुंजावें लागतें, आणि तो सहसा गांवांत नसतो.

हा खटाटोप वैशाखांत करावयाचा होता, हें वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावें. त्याच महिन्याच्या २५ तारखेस अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनीं उष्म्यापायीं जमावबंदीचें १४४ कलम लावलें होतें; लोकांनीं उन्हांत गोळा होऊं नये म्हणून दंग्याच्या वेळचा कायदा वापरावा लागला. पूर्वीं आमच्याकडे दारांना वाळ्याच्या टट्ट्या बांधीत आणि त्यांवर पाणी मारीत. आतां प्रत्येक खिडकीशीं कूलर बसलेला असतो. अशा दिवसांत वीज ही चैनीची वस्तु राहत नाहीं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या जिवाला दुपारीं दोन तास कूलर बंद पडणें म्हणजे काय, हें डॉक्टरास विचारावें लागत नाहीं. म्हणूनच, नव्या घराची वीज ज्यांच्या नांवावर आहे तीं माणसें आपल्या ओळखीचींहि नाहींत, आणि त्यांच्या एका चुकल्या बिलापायीं आपला पुरवठा तुटूं शकतो, ही जाणीव मला स्वस्थ बसूं देईना.

आणि झालेंहि तसेंच. ताबा घेतल्यावर तीन आठवड्यांनीं जें पहिलें बिल दारांत पडलें, तें साडेनऊ हजारांचें होतें. आम्हीं तीन आठवड्यांत जाळलेली वीज धरून, कितीहि ओढून ताणून हिशेब केला, तरी तीन हजारांच्या वर जाईना. विकणाऱ्या गृहस्थांनीं मागचीं सारीं बिलें भरल्याच्या पावत्या आम्हांला दाखविल्या होत्या, आणि त्या खऱ्याच होत्या. मेख वेगळीच होती. घर कुलपांत असल्यामुळें मीटर वाचणाऱ्यास आंत जातां येत नसे. अशा वेळीं सरासरीनें अंदाजी बिल निघतें. पुढें प्रत्यक्ष आंकडा वाचला कीं मधल्या सर्व महिन्यांची तूट एकदम अंगावर येते. घर कुलपांत असतांनाहि मधूनमधून कोणी येऊन राहत असावें. तें राहणें अंदाजी बिलांत दिसलें नव्हतें. आतां आमच्या पहिल्या बिलांत उगवलें.

मीटर वाचावयास येणारा मुलगा मोठा सज्जन. त्याला पाणी दिलें, तेव्हां त्यानें आमच्या बाजूचें दुःख एका वाक्यांत सांगून टाकलें. “बाई, मीटर तं मागच्या मानसाच्या नावावर हाय. तुमी कितीक बी भरा, पावती त्यायच्याच नावानं निंगन.” पैसा आपला आणि पावती दुसऱ्याची, हा व्यवहार कोणालाहि बोंचणाराच आहे. परंतु त्याहून मोठा प्रश्न पुढें होता: मागची तूट कोणाची?

ह्या बाबतींत कायदा ऐकीव माहितीवर सोडूं नये. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगानें २००५ सालीं जी पुरवठासंहिता केली, तिच्यांत मागल्या मालकाची थकबाकी हा त्या जागेवरचा बोजा मानला होता. मात्र वारसाखेरीज इतर नव्या मालकावर सहा महिन्यांच्या थकबाकीपलीकडे भार पडूं नये, अशी मर्यादाहि घातली होती. पुढें १९ मे २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें केरळच्या वीजमंडळाच्या खटल्यांत निकाल दिला कीं, नियमांत तशी तरतूद असेल तर जुनी बाकी फेडल्यावांचून नव्या मालकास जोडणी नाकारतां येते. तात्पर्य, ‘आम्ही तर नवे, आमचा काय संबंध?’ हें उत्तर कचेरींत चालत नाहीं. घराबरोबर भिंतीच विकत मिळतात असें नाहीं. भिंतीवरच्या मीटरचें मागचें आयुष्यहि मिळतें.

आमच्या पाठीशीं एकच गोष्ट होती. ताबा घेतला त्या दिवशीं लेकीनें मीटरच्या आंकड्याचें छायाचित्र काढलें होतें, आणि ह्यांनीं तो आंकडा ताबापावतीवर लिहून त्याखालीं दोघांच्या सह्या घेतल्या होत्या. त्या वेळीं दलाल हंसला होता. बँकेंतल्या माणसाला संशयाचें व्यसनच, असें कांहींसें बोललाहि होता. त्या एका ओळीनें आमचे साडेसहा हजार वांचविले. मीं स्वतः पुण्यास सविस्तर पत्र लिहिलें. भांडणाचा एकहि शब्द न घालतां ताबापावतीची नक्कल, छायाचित्र आणि बिल जोडलें, व अमुक आंकड्यापर्यंतची वीज आपली व पुढची आमची, इतकेंच लिहिलें. सात दिवस उत्तर आलें नाहीं. आठव्या दिवशीं ह्यांनीं दूरध्वनि केला, तेव्हां त्या गृहस्थांनीं थोडी कुरकुर केली, पण नाहीं म्हणावयास त्यांना जागाच उरली नव्हती. आपल्या वांट्याची रक्कम त्यांनीं त्याच खात्यांत भरली. म्हणून माझें घर बदलणाऱ्या प्रत्येक गृहिणीस सांगणें आहे: किल्ली हातीं घेतांना मीटरचा आंकडा लिहून घ्या. नळाच्या तोट्या आणि खिडक्यांच्या कांचा आपण मोजतों. मग हाच आंकडा तेवढा कां विसरावा?

बाकी उरली नाहीं कीं नांव बदलणें अवघड नाहीं. अर्ज, खरेदीचा इंडेक्स टू, ओळखीचा पुरावा, सोसायटीचें पत्र, थोडेंसें शुल्क, आणि सुरक्षा ठेव. ही ठेव महिन्याच्या सरासरी बिलाच्या दुपटीइतकी असते. तिच्यावर व्याज मिळतें आणि तें बिलांतूनच वळतें होतें. बिलावरचा बारा आंकडी ग्राहकक्रमांक मात्र बदलत नाहीं. तो घराचा असतो. माणसें त्याच्यावरून येतात नि जातात. मला ह्या गोष्टीचें मोठें नवल वाटलें. आपण म्हणतों घर आमचें; त्या बारा आंकड्यांच्या दृष्टीनें पाहिलें तर आपणच त्या घराचे कांहीं वर्षांचे भाडेकरू.

इकडे अमरावतीचें खातें उघडत होतें, तिकडे अकोल्याचें मिटवावयाचें होतें. तें खातें मामंजींच्या नांवें होतें. मामंजी १९९६ सालीं गेले. त्यानंतर अठ्ठावीस वर्षें दर महिन्याला त्यांच्या नांवाचें बिल येत राहिलें, आणि आम्ही तें निमूटपणें भरीत राहिलों. नांव बदलून घ्यावें, असें दर दिवाळीस कोणीतरी म्हणे. पण वारसांच्या सह्या, मृत्यूचा दाखला, ना-हरकतपत्रें ह्यांची यादी ऐकली कीं विषय पाडव्यापर्यंत पुढें जाई. वऱ्हाडांतल्या जुन्या वस्त्यांतून हिंडून विजेचीं बिलें गोळा केलीं, तर त्यांत स्वर्गवासी ग्राहकांची संख्या कांहीं लहान निघणार नाहीं.

सासूबाईंची गोष्ट मात्र आळसाची नव्हती. बिल आलें कीं तें पहिल्यानें त्यांच्या हातीं जाई. चष्मा लावून त्या वरची ओळ वाचीत, मामंजींचें सबंध नांव, वडिलांच्या नांवासकट. मग ‘यंदा युनिट वाढले हो’ असें म्हणून बिल ह्यांच्या हातीं देत. नवऱ्याचें नांव तोंडानें घ्यावयाचें नाहीं अशा रीतींत वाढलेल्या त्या बाईनें अठ्ठावीस वर्षें तें नांव दर महिन्यास डोळ्यांनीं वाचलें. त्यांना ह्या विजेचा इतिहासहि ठाऊक. त्या लग्न होऊन आल्या तेव्हां घरांत रॉकेलचे दिवे होते. वऱ्हाड तेव्हां मध्यप्रदेशांत. १९५६ त मुंबई राज्यांत गेला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. त्याच सालीं जून महिन्यांत राज्याचें वीजमंडळ स्थापन झालें, आणि अकोल्याजवळ पारसला वीजकेंद्र उभें राहिलें. पारसचे ते जुने संच आतां बंद झाले आणि त्यांच्या जागीं प्रत्येकीं २५० मेगावॅटचे दोन नवे संच आले. मंडळाचेंहि २००५ सालीं विभाजन होऊन वीज वांटण्याचें काम महावितरण कंपनीकडे गेलें. राज्यें बदललीं, मंडळें बदललीं, यंत्रें बदललीं. बिलावरचें नांव तेवढें तेंच राहिलें होतें.

घर विकत घेणाऱ्यांच्या नांवें खातें करून देण्यासाठीं वारस म्हणून सासूबाईंची सही लागली. कागद त्यांच्यापुढें ठेवला तेव्हां त्यांनीं तो दोनदां वाचला आणि मला विचारलें, “सूनबाई, म्हणजे आतां त्यांच्या नांवाचें कांहींच येणार नाहीं का ग?”

मीं म्हटलें, “नाहीं, आई. आतां त्या घरीं दुसऱ्यांचें नांव येईल.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “बरोबर आहे. उजेड ज्यांचा, नांव त्यांचें.” आणि सही केली. सही सावकाश, पण एकहि अक्षर न चुकतां. शेवटचें बिल मात्र त्यांनीं मागून घेतलें आणि पोथीच्या रुमालांत ठेवलें. कागदपत्रांना आपण रुक्ष म्हणतों. ज्या घरांतून माणूस जातो, त्या घरांत त्याचें नांव किती थोड्या ठिकाणीं उरतें, ह्याचा हिशेब केला म्हणजे तसें म्हणवत नाहीं. पाटी उतरते, पत्रें यावयाचीं थांबतात. कुठें एक बिल, कुठें एक शेअरचा कागद, एवढेंच मागें राहतें. तरीहि तें नांव वेळेवर उतरवावें, असेंच मी म्हणेन. आठवण पोथीच्या रुमालांत राहूं शकते; खातें मात्र जिवंत माणसाच्या नांवें असावें, नाहींतर उद्यां अडतो तो जिवंत माणूसच.

गॅसची कथा निराळी. आपल्या देशांत घरोघरीं नळकांड्यांतून वायु पोंचविण्याचें काम पन्नाशीच्या दशकांत मुंबईस बर्मा-शेल कंपनीनें आरंभिलें. इंडियन ऑईलचें पहिलें इंडेन सिलिंडर कलकत्त्यास २२ ऑक्टोबर १९६५ रोजीं एका घरीं बसलें. तेथून वऱ्हाडांतल्या मध्यम वर्गाच्या स्वयंपाकघरांत गॅस यावयास पुष्कळ वर्षें गेलीं, आणि तीं बहुतेक प्रतीक्षायादींतच गेलीं. मामंजींनीं १९८१ त नांव नोंदविलें आणि शेगडी पेटली १९८५ त. सासूबाई सांगतात कीं, सिलिंडर आलें त्या दिवशीं शेजारच्या चार जणी निळी ज्योत बघावयास आल्या होत्या, आणि पहिल्या चहाला कोळशाचा वास नाहीं म्हणून एकीला तो पाणचट लागला होता. मामंजींच्या मागें तें खातें मात्र लगेच सासूबाईंच्या नांवें झालें होतें. कारण बिलाशिवाय दिवा जळतो, पण पुस्तकाशिवाय सिलिंडर येत नसे.

गांव बदलतांना गॅसची रीत सोपी आहे, पण ती क्रमानें करावी. जुन्या वितरकाकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करावे. शेगडी आपली, ती आपल्याबरोबर. भरलेली अनामत परत मिळते आणि खातें बंद केल्याचें पत्र मिळतें. तें पत्र दाखवून नव्या गांवीं नवें खातें उघडतां येतें. अनामत मात्र जुन्या पावतीवर जो आंकडा असेल तेवढीच परत मिळते आणि नवी आजच्या दरानें भरावी लागते. १६ जून २०२२ पासून ती एका सिलिंडरास २,२०० रुपये आणि रेग्युलेटरास २५० रुपये अशी आहे. दोन सिलिंडरांचे आम्हीं ४,६५० भरले. चाळीस वर्षांपूर्वींच्या रुपयाची आणि आजच्या रुपयाची त्या दिवशीं खिडकीवर समोरासमोर गांठ पडली, आणि जुना रुपया फारच संकोचलेला दिसला.

पत्र सासूबाईंच्या नांवाचें, म्हणून नवें खातेंहि त्यांच्याच नांवें व्हावयाचें होतें. मीं त्यांना सांगितलें कीं, पाहिजे तर ह्या निमित्तानें तेंहि माझ्या नांवें करूं, तुम्हांला ह्या वयांत खेटे नकोत. त्या चटकन म्हणाल्या, “नको. तूं दिवा घेतलास ना? चूल अजून माझीच राहूं दे.” सासू-सुनेच्या नात्यावर ज्यांनीं ग्रंथ लिहिले असतील, त्यांना हें एक वाक्य मी नम्रपणें अर्पण करतें. मला त्यांत अढी दिसली नाहीं. सत्तर वर्षें जिनें एका घराला जेवूं घातलें, तिची तेवढी एक निशाणी कागदावर राहावी, हें मागणें कांहीं फार नव्हतें.

पण कागदालाहि बोटांचे ठसे लागतात. आधारच्या आंकड्याशीं ग्राहकाची ओळख पटवून घेण्याचा जो प्रघात आतां पडला आहे, त्यासाठीं सासूबाईंना घेऊन आम्ही वितरकाच्या दुकानीं गेलों. यंत्रावर दाहीं बोटें एकेक करून टेकवून झालीं; यंत्र एकहि घेईना. दुकानांतला मुलगा अदबीनें म्हणाला, “आजी, रेषा झिजल्या हो तुमच्या.” राखेनें घासलेलीं भांडीं, पाट्यावर वाटलेली चटणी, सारवलेल्या जमिनी, चुलींतून बाहेर ओढलेलें जळतें लाकूड, एवढ्या सगळ्यांनीं मिळून त्या रेषा पुसल्या होत्या. चूल जिची, तिला चुलीनेंच ओळख पटवूं देऊं नये, हा मोठा चमत्कारिक न्याय वाटला. सुदैवानें आतां चेहऱ्यावरूनहि ओळख पटवितां येते. त्या मुलानें भ्रमणध्वनि समोर धरला, सासूबाईंनीं पदर सारखा केला, आणि डोळ्यांची उघडझांप करतांच काम झालें. ज्यांच्या घरीं वृद्ध माणसांच्या नांवें खातीं आहेत, त्यांनीं बोटांवर अडून बसूं नये. चेहऱ्याची सोय आवर्जून विचारावी.

नव्या घरीं सिलिंडर जोडतांना कांहीं गोष्टी जरूर पहाव्या. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो वायु असतो. रिकाम्या टाकीचें वजन तिच्यावर कोरलेलें असतें, आणि तोलून देण्यास सांगण्याचा आपला हक्क आहे. टाकीच्या कड्याजवळ एक अक्षर व दोन आंकडे असतात. ए, बी, सी, डी हीं वर्षाच्या चार तिमाह्यांचीं अक्षरें व पुढें सालाचे आंकडे. ती मुदत उलटलेली टाकी घरांत घेऊं नये. रबरी नळी पांच वर्षांनीं बदलावी. ह्या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मर्कॅप्टन नांवाचें दुर्गंधी द्रव्य घालतात. वायु हवेहून जड असल्यामुळें तो जमिनीलगत सांचतो. म्हणून वास आला तर विजेचें बटण खालीवर करूं नये, दारें-खिडक्या उघडाव्या, रेग्युलेटर बंद करावा, आणि १९०६ ह्या क्रमांकावर कळवावें. फ्लॅटमध्यें स्वयंपाकघरें लहान आणि दारें घट्ट. जुन्या वाड्यांतलीं वारा खेळविणारीं धाबीं आतां नाहींत. तेव्हां ही सावधगिरी पूर्वींपेक्षां अधिक हवी.

असे आमच्या बिऱ्हाडाचे दोन दाखले तयार झाले: विजेचें खातें सुनेच्या नांवें, गॅसचें सासूच्या. हे गमतीनें म्हणतात कीं, ह्या घरांत आपल्या नांवानें आतां फक्त वर्तमानपत्राचें बिल येतें. परंतु ह्या गमतींत एक काळ बदलल्याची खूण आहे. १ मे २०१६ रोजीं जी उज्ज्वला योजना सुरू झाली, तिच्यांत गरीब घरचें गॅसखातें त्या घरच्या प्रौढ स्त्रीच्याच नांवें द्यावयाचें असा नियम ठेवला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नांवाआधीं आईचें नांव लावण्याचें महाराष्ट्रानें ठरविलें. हीं नांवें लागल्यानें घरकाम कमी झालें, किंवा निर्णय आपोआप स्त्रीच्या हातीं आले, असें मी म्हणणार नाहीं. सिलिंडर आल्यावर तें ओढून जागेवर लावणारी बाई कालहि तीच होती, आजहि तीच आहे. पण विधवा झाल्यावर, किंवा घर दुभंगल्यावर, ‘ह्या पत्त्यावर मी राहतें’ हें सिद्ध करण्याची पाळी ज्या स्त्रियांवर येते, त्यांना विचारा. विजेच्या बिलाचा तो पातळ कागद बँकेंत, शाळेंत, शिधापत्रिकेच्या कचेरींत पुढें करतांना त्यावर आपलें नांव असणें आणि नसणें ह्यांत केवढें अंतर आहे, तें त्याच सांगूं शकतील. नांव हें अधिकार नव्हे; पण अधिकार मागावयास उभें राहण्यापुरती जागा त्यानें मिळते.

म्हणून ज्या घरांत हें वाचलें जाईल, तेथें आज संध्याकाळीं एवढेंच करावें. कपाटांतून विजेचें बिल, गॅसचें पुस्तक, पाणीपट्टी आणि घरपट्टीच्या पावत्या काढाव्या आणि वरची ओळ वाचावी. तेथें जें नांव आहे तें माणूस हयात आहे का, त्याच घरांत राहतें का, आणि त्याच्या मागें राहणाऱ्या बाईला उद्यां हा कागद उपयोगी पडेल का, हे तीन प्रश्न विचारावे. उत्तरें समाधानकारक नसतील, तर दिवाळीची वाट पाहूं नये.

आमचें नव्या नांवाचें पहिलें बिल श्रावणाच्या आरंभीं आलें. पावसानें कूलर थांबले होते, त्यामुळें आंकडाहि बेताचाच होता. नेहमींप्रमाणें तें सासूबाईंच्या हातीं गेलें. त्यांनीं चष्मा लावला, वरची ओळ सबंध वाचली, माझ्याकडे एकदां पाहिलें, आणि बिल ह्यांच्या हातीं दिलें. ह्यांनीं तें त्याच दिवशीं भरलें. पैसे ह्यांच्या निवृत्तिवेतनांतून गेले. पावती माझ्या नांवाची आली.